गिरणीच्या भोंग्यातली प्रेमकथा : ‘नॉर्थ अँड साउथ’चा डीव्हीडी संच

बीबीसीने नोव्हेंबर-डिसेंबर २००४मध्ये दाखवलेली ‘नॉर्थ अँड साउथ’ ही चार भागांची मालिका दोन डीव्हीडींच्या संचात मिळते. माझ्या ओळखीत हा संच ज्यांच्याकडे आहे, त्यांच्यापैकी कोणीही तो एकदा पाहून कपाटात ठेवलेला नाही. दादरपासून बोरिवलीपर्यंत पसरलेल्या आमच्या गोतावळ्यात त्याची अक्षरशः पारायणे होतात, आणि शेवटचा स्टेशनवरचा प्रसंग दाखवल्याशिवाय आमच्याकडे पाहुण्यांना चहा मिळत नाही, अशी थट्टाही केली जाते. या वेडाचे श्रेय सहसा रिचर्ड आर्मिटेज या नटाच्या पदरात टाकले जाते आणि त्याचा तो हक्क आहेच. परंतु ही प्रेमकथा इतक्या वेळा पाहूनही शिळी होत नाही, याचे मोठे कारण तिच्या भोवतीची कापडगिरणी आहे, असे माझे मत आहे.

एलिझाबेथ गॅस्केल यांची मूळ कादंबरी चार्ल्स डिकन्स संपादित करीत असलेल्या ‘हाउसहोल्ड वर्ड्‌स’ या साप्ताहिकातून सप्टेंबर १८५४ ते जानेवारी १८५५ या काळात क्रमशः प्रसिद्ध झाली. त्याच १८५४ साली कावसजी दावर यांनी मुंबईतल्या पहिल्या कापडगिरणीची कंपनी उभी केली आणि १८५६मध्ये ताडदेवला ती गिरणी सुरू झाली. तेव्हा गॅस्केलबाई जे जग रेखाटत होत्या, त्याची पायाभरणी इकडे त्याच सुमारास होत होती. कथेची नायिका मार्गारेट हेल ही इंग्लंडच्या दक्षिणेतल्या हेल्स्टन गावच्या धर्मोपदेशकाची मुलगी. वडील सदसद्विवेकबुद्धीला स्मरून चर्चची नोकरी सोडतात आणि कुटुंब उत्तरेतल्या मिल्टन या काल्पनिक गिरणशहरात येऊन पडते. हे शहर मँचेस्टरवर बेतलेले आहे, हे उघड आहे. तिथे वडिलांकडे शिकायला येणारा जॉन थॉर्नटन हा गिरणीमालक आणि मार्गारेट यांच्यात आधी खटके उडतात आणि मग जे व्हायचे ते होते.

गिरणी पहिल्यांदा दिसते तो प्रसंग सावकाश पाहावा. मार्गारेट एक दार सरकवते आणि आत भल्यामोठ्या खात्यात यंत्रांच्या रांगांवर कापसाचे तंतू बर्फासारखे तरंगत असतात. क्षणभर हे दृश्य सुंदर वाटते, आणि हेच तंतू कामगारांच्या छातीत जातात हे पुढे बेसी हिगिन्स या तरुण कामगार मुलीच्या खोकल्यातून कळते. कादंबरीत बेसी जे सांगते ते तर अंगावर येणारे आहे : कार्डिंग, म्हणजे कापूस विंचरण्याच्या, खात्यातली धूळ ओढून नेणारे चाक बसवायला खर्च येतो म्हणून अनेक मालक ते बसवत नाहीत, आणि काही कामगारांनाही ते नकोसे असते, कारण वर्षानुवर्षे तंतू गिळून सवय झालेल्या पोटाला ते बंद झाल्यावर जास्त भूक लागते. परळ-लालबागच्या कोणत्याही जुन्या चाळीत विचारले, तर कार्डिंगमध्ये जन्म काढलेल्या माणसाच्या दम्याची हकीकत आजही ऐकायला मिळेल.

माझे सासरे परळच्या एका गिरणीत साचे खात्यात, म्हणजे मागांवर, होते. प्रेमकथांचे त्यांना वावडे आहे, तरी मालिकेतला साच्यांचा खडखडाट ऐकून ते बाहेरच्या खोलीत येऊन बसले आणि त्यांनी पहिली हरकत घेतली ती नायिकेच्या कपड्यांवर : “फिरत्या पट्ट्यांच्या शेजारून एवढ्या घेराचा झगा घालून बाईमाणसाला कोण जाऊ देईल? जॉबरने (मुकादमाने) तिथल्या तिथे हाकलली असती.” हरकत रास्त आहे. साचे मात्र खरे आहेत. गिरणीतल्या चित्रीकरणाचा काही भाग लँकशायरमधल्या बर्नली इथल्या क्वीन स्ट्रीट मिलमध्ये झाला, आणि ती गिरणी १८९४ची असल्याने यंत्रे कथेच्या काळापेक्षा थोडी तरुण आहेत. पण धोट्याचा तो ठोका स्टुडिओत बनवून येण्यातला नाही. टीव्हीच्या स्पीकरवर हा आवाज दबतो, म्हणून शक्य असेल त्यांनी वेगळा स्पीकर जोडून पाहावे.

आर्मिटेज हा तोवर फारसा परिचित नसलेला नट या एका भूमिकेने घराघरांत पोहोचला, आणि त्याच्या चाहत्यांना ‘आर्मिटेज आर्मी’ असे नावच पडले. त्याचा थॉर्नटन फारसे बोलत नाही. मार्गारेट चहाचा कप पुढे करते तेव्हा तो कपाकडे न पाहता तिच्या हाताकडे पाहतो. एवढ्याशा क्षणावर आमच्याकडच्या बायका तासभर बोलू शकतात, आणि त्यांत मीही आले. डॅनिएला डेन्बी-अ‍ॅश यांच्या मार्गारेटला तुलनेने कमी वाखाणले जाते, हे अन्यायाचे आहे. तिचा ताठा आणि तिची करुणा एकाच चेहऱ्यावर नांदतात म्हणून तर समोरच्याची घालमेल पटते. मला स्वतःला सर्वांत आवडते ती सिनेड क्युसॅक यांनी साकारलेली थॉर्नटनची आई. नवऱ्याने कर्जापायी आत्महत्या केल्यावर मुलाला कापडाच्या दुकानात कामाला लावून, पै-पै साठवून घेणेकऱ्यांची देणी फेडणारी ही बाई मुलाच्या बाबतीत कुणाची भागीदारी सहन करीत नाही. मराठी घरात तिची ओळख करून द्यावी लागत नाही.

सँडी वेल्च यांच्या पटकथेने मूळ कथेत जे बदल केले, त्यांवर चाहत्यांमध्ये वाद झडतात आणि ते झडायलाच हवेत. मालिकेत मार्गारेट थॉर्नटनला प्रथम पाहते तेव्हा तो खात्यात विडी-काडी करणाऱ्या कामगाराला बेदम मारत असतो. कादंबरीत असे काही नाही; तिथे त्यांची पहिली भेट एका हॉटेलात, अगदी सभ्यपणे होते. कापसाच्या खात्यात ठिणगी म्हणजे सर्वनाश, हे मालिकेचे समर्थन मुंबईच्या गिरण्या ठाऊक असलेल्या माणसाला कळते, परंतु पडलेल्या माणसाला लाथा घालण्याचे समर्थन त्यातून होत नाही. चाहते हा प्रसंग फार लवकर माफ करतात, असे मला वाटते. मार्गारेटच्या फरारी भावाचे, फ्रेडरिकचे, उपकथानकही घाईत उरकले आहे. शेवटच्या प्रसंगाबद्दल मात्र माझी तक्रार नाही. कादंबरी लंडनच्या एका दिवाणखान्यात संपते; मालिकेत उत्तरेकडे आणि दक्षिणेकडे जाणाऱ्या दोन गाड्या मधल्या एका स्टेशनात थांबतात. त्या काळी फलाटावर असे चारचौघांत कोणी वागले नसते, हे सर्वांना मान्य आहे, आणि तरी सर्वजण तो प्रसंग पुन्हा लावतात. दिग्दर्शक ब्रायन पर्सिव्हल यांनी तो इतका संथ ठेवला आहे की दादरच्या फलाटाची सवय असलेला मनुष्य मनातल्या मनात शिट्टीची वाट पाहतो.

मालिकेचा कणा असलेला संप १८५३-५४च्या प्रेस्टनच्या संपाच्या छायेत लिहिला गेला. ब्रेंडन कॉइल यांनी केलेला निकोलस हिगिन्स हा युनियनचा पुढारी, आणि पोरांची उपासमार सहन न होऊन संपाची शिस्त मोडणारा बाउचर, या दोघांपैकी कुणालाही मालिका खलनायक करीत नाही. मालक मजुरी का वाढवू शकत नाही हे कामगारांना समजावून सांगणे थॉर्नटनला कमीपणाचे वाटते, त्या ठिकाणी सासरे म्हणाले, “आमच्या वेळी तरी कुणी ताळेबंद दाखवला होता?” १८ जानेवारी १९८२ला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, त्यांपैकी ते एक. पुढे थॉर्नटन आणि हिगिन्स मिळून कामगारांसाठी स्वयंपाकघर सुरू करतात आणि मालक स्वतः त्यांच्या पंगतीला बसतो. इथे मात्र आमच्याकडे हसू फुटले, कारण गिरणगावात कामगारांना जेवू घातले ते खाणावळवाल्या बायकांनी. त्यांना सावकाराच्या तावडीतून सोडवण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढले. पंगतीला येऊन बसलेला मालक आमच्या ऐकिवात नाही.

आता खुद्द संचाविषयी. मुख्य मालिकेखेरीज त्यात वगळलेले काही प्रसंग आणि आर्मिटेजची मुलाखत आहे. वगळलेले प्रसंग चाहत्यांसाठी मेजवानी आहेत. नवख्याने ते शेवटी पाहावेत. चित्र आजच्या मोठ्या टीव्हीवर थोडे मऊ दिसते आणि मिल्टनच्या करड्या, धुरकट रंगांत अंधाऱ्या खोल्यांतले बारकावे हरवतात. खरेदी करताना एक गोष्ट नीट पाहून घ्यावी. ब्रिटनमधली डीव्हीडी रीजन २ची (रीजन म्हणजे डीव्हीडी जगाच्या कोणत्या भागात चालेल याची खूण) असते आणि भारतातले प्लेअर रीजन ५चे, त्यामुळे चित्राची पाल पद्धत दोन्हीकडे एकच असूनही ती साध्या प्लेअरवर चालत नाही. मला एका ऑनलाइन विक्रेत्याने हे न सांगता संच विकला आणि परत घ्यायला नकार दिला. सर्व रीजनची डीव्हीडी चालवणारा प्लेअर घेणे हा सरळ उपाय आहे. संगणकाच्या ड्राइव्हवर रीजन बदलता येतो, पण साधारणतः पाचच वेळा, आणि पाचव्या बदलानंतर तो कायमचा तिथेच अडकतो.

उपशीर्षके इंग्रजी आहेत. इंग्रजी सिनेमे सहज समजणाऱ्यांनीही ती सुरू ठेवावीत, विशेषतः हिगिन्स आणि बेसी यांच्या प्रसंगांत, कारण उत्तरेकडची ती बोली पहिल्या भागात कानाला लागेपर्यंत अर्धे संवाद निसटलेले असतात.