एकच दिवस हाताशी: सिद्धेश्वर की अक्कलकोट?

सोलापूरला पाहुणे आले की हा प्रश्न ठरलेला. सिद्धेश्वर म्हणजे इथलं सिद्धरामेश्वरांचं देऊळ. सिद्धरामेश्वर बाराव्या शतकातले, बसवेश्वरांच्या काळातले शरण, म्हणजे लिंगायत संत. कन्नडमध्ये वचनं, म्हणजे छोट्या भक्तिपर रचना रचल्या, 'कपिलसिद्ध मल्लिकार्जुन' ही त्यातली त्यांची नाममुद्रा. पण सोलापूरकराला वचनांपेक्षा त्यांनी खोदवलेलं तळं आणि गावाभोवती स्थापलेली अडुसष्ट लिंगं जवळची. पुढे अल्लमप्रभू या शरणांनी त्यांना कल्याणला (कर्नाटकातलं बसवकल्याण) नेलं अशी कथा आहे. देऊळ आजही तळ्याच्या मधोमध, बाजूला भुईकोट किल्ला.

अक्कलकोट इथून साधारण चाळीस किलोमीटर. स्वामी समर्थ तिथे आले ते एकोणिसाव्या शतकात, भोसल्यांच्या संस्थानात, आणि 1878 मध्ये तिथेच समाधिस्थ झाले. त्यांचं मूळ गाव कुठलं यावर भक्तांचंच एकमत नाही. विचारलं तर चार जण चार उत्तरं देतात. त्यांनी पंथ बांधला नाही, ग्रंथ लिहिला नाही. वटवृक्षापाशी दर्शन, त्यांचे भक्त चोळप्पा यांच्या घराजवळची समाधी आणि अन्नछत्रातला प्रसाद, एवढ्यात सकाळ जाते. गुरुवारी मात्र रांगेची तयारी ठेवा.

संक्रांतीचे दिवस असतील तर माझं मत सरळ सिद्धेश्वरला. भोगीला देवळाजवळच्या संमती कट्ट्यावर सिद्धेश्वरांच्या प्रतीकात्मक लग्नाच्या अक्षता पडतात. बाराबंदी हा पारंपरिक पांढरा पोशाख घातलेला मानकरी नंदीध्वज, म्हणजे उंचच उंच सजवलेली काठी, एकट्यानं कमरेवर तोलतो आणि गर्दी 'हर्र बोला हर्र' म्हणत श्वास रोखते. एरवी पाहुण्यांना अक्कलकोटला न्या. सिद्धेश्वरचं दर्शन काय, परतल्यावर संध्याकाळी तासाभरात होतं.