जुना ऑल-इन-वन डेस्कटॉप लॅपटॉपची दुसरी स्क्रीन म्हणून : चार महिन्यांच्या वापरानंतर

पंचवटीतील आमचा जुना वाडा उतरवला तेव्हा माळ्यावरच्या पेटीत मोडी कागदांचे दोन रुमाल (कापडात बांधलेले गठ्ठे) निघाले. त्यांतील जमाखर्चाच्या कागदांचे देवनागरी लिप्यंतर मी निवृत्तीनंतर सवडीने करतो आहे. या कामाला दोन स्क्रीन लागतात, हे पहिल्याच आठवड्यात कळले. एकीकडे कागदाचे स्कॅन मोठे करून ठेवावे लागते आणि दुसरीकडे टंकन चालू राहते. मोडीत शब्द सुटे लिहिलेले नसतात आणि शिरोरेषा ओळभर सलग ओढलेली असते. त्यामुळे पंधरा इंची लॅपटॉपवर एक विंडो मागे, एक पुढे असे करत बसले की आपण ओळीत नेमके कुठे होतो तेच हरवते.

घरात २०१४ साली घेतलेला, साडेएकोणीस इंची स्क्रीनचा ऑल-इन-वन डेस्कटॉप पडून होता. विंडोज ११ साठी लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय त्यात नाही, प्रोसेसरही मायक्रोसॉफ्टच्या यादीत बसत नाही, आणि विंडोज १० चा नियमित आधार (मायक्रोसॉफ्टकडून येणारी सुरक्षेची अपडेट्स) १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. भंगारवाला जो भाव सांगत होता तो ऐकून यंत्र परत कपाटात ठेवले होते. स्क्रीन मात्र स्वच्छ होती, एकही ठिपका मेलेला नव्हता. हीच स्क्रीन लॅपटॉपला जोडता आली तर नवा मॉनिटर घेण्याचे कारण उरणार नाही, असा साधा हिशेब होता.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. ज्यांच्याकडे मॉनिटर वेगळा आणि डबा वेगळा असा जुना संगणक आहे (आपल्याकडे त्या डब्याला सरसकट सीपीयू म्हणतात), त्यांनी या लेखातील खटाटोप करू नये. त्यांचा मॉनिटर डब्यापासून सोडवून थेट लॅपटॉपला जोडता येतो. मॉनिटरला फक्त निळ्या तोंडाचे व्हीजीए असेल तर एचडीएमआय ते व्हीजीए कन्व्हर्टर लागतो, आणि तो आत चिप असलेलाच हवा. एचडीएमआयचा संकेत डिजिटल आणि व्हीजीएचा अॅनालॉग असल्यामुळे नुसती तार हे भाषांतर करू शकत नाही. ऑल-इन-वनची गोष्ट वेगळी आहे, कारण तेथे मॉनिटर आणि संगणक एकाच कवचात बंद असतात.

माझी पहिली चूक याच ठिकाणी झाली. डेस्कटॉपच्या पाठीला एचडीएमआयचे तोंड होते, लॅपटॉपलाही होते. महात्मा गांधी रस्त्यावरील एका दुकानात विचारले, तर काउंटरवरच्या मुलाने मान वर न करता सांगितले, "काका, दोन्हीकडे एचडीएमआय आहे ना, मग चालणारच." अडीचशे रुपयांची तार आणली, दोन्ही टोके लावली, आणि दोन्ही यंत्रे एकमेकांकडे मख्खपणे पाहत राहिली. बहुतेक ऑल-इन-वन यंत्रांवरचे एचडीएमआय हे चित्र बाहेर पाठवण्यासाठी असते, आत घेण्यासाठी नव्हे. म्हणजे दोन नळ समोरासमोर ठेवून पाणी भरण्याची वाट पाहण्यासारखा हा प्रकार होता. काही मोजक्या मॉडेलांवर तोंडाशेजारी ‘एचडीएमआय इन’ असे छापलेले असते, आणि अॅपलच्या २००९ ते २०१४ या काळातील काही आयमॅकमध्ये ‘टार्गेट डिस्प्ले मोड’ नावाची अशीच सोय होती. आपल्या यंत्रावर असे काही नसेल तर तार विकत घेऊ नये. दुकानदाराने तार परत घेतली नाही; ती सध्या टीव्हीला लावली आहे.

दुसरा मार्ग विंडोजमध्येच आहे. सेटिंग्जमध्ये ‘वायरलेस डिस्प्ले’ हे ऐच्छिक फीचर बसवले की जुना संगणक बिनतारी पडदा होतो आणि लॅपटॉपवर विंडोज व के ही बटणे एकत्र दाबून त्याला जोडता येते. मात्र त्यासाठी जुन्या यंत्रातील वाय-फायने मिराकास्ट (चित्र बिनतारी पाठवण्याची पद्धत) चालवले पाहिजे. माझ्या यंत्रातील वाय-फाय ते चालवत नाही, त्यामुळे हा मार्ग पाच मिनिटांत बंद झाला.

उरले ते नेटवर्कवरून चित्र पाठवणारे सॉफ्टवेअर. मी निवडले ते स्पेसडेस्क, आणि या परीक्षणाचा मुख्य विषय तेच आहे. त्याचे दोन भाग असतात. लॅपटॉपवर ‘ड्रायव्हर’ बसवायचा आणि जुन्या संगणकावर ‘व्ह्यूअर’. ड्रायव्हर बसला की विंडोजला वाटते की आणखी एक मॉनिटर जोडला आहे. त्या काल्पनिक मॉनिटरवरचे चित्र नेटवर्कने व्ह्यूअरकडे जाते आणि तो ते पूर्ण स्क्रीनभर दाखवतो. खाते उघडावे लागत नाही, वैयक्तिक वापरासाठी पैसे पडत नाहीत. व्यवसायासाठी वापरणाऱ्यांनी परवाना घ्यायचा असतो. फायरवॉलने परवानगी मागितली तेव्हा ‘प्रायव्हेट’ नेटवर्कवर खूण केली, व्ह्यूअरच्या यादीत लॅपटॉपचा पत्ता आला, त्यावर क्लिक केले, आणि बाराव्या मिनिटाला माझा माउस लॅपटॉपच्या उजव्या कडेतून बाहेर पडून जुन्या स्क्रीनवर उतरला. विंडोज व पी दाबून ‘एक्स्टेंड’ निवडलेले असावे, एवढेच पाहायचे.

घरच्या वाय-फायवर माउस मागून रांगत येत असे. राउटर पुढच्या खोलीत आणि माझे टेबल मागच्या खोलीत, मध्ये दोन भिंती. म्हणून राउटरला वगळून दोन्ही यंत्रे नेटवर्कच्या तारेने थेट जोडली. आजच्या नेटवर्क पोर्टना यासाठी उलट-सुलट जोडणीची खास तार लागत नाही, साधी तार चालते. आणि राउटर नसला तरी दोन्ही यंत्रे १६९.२५४ ने सुरू होणारे पत्ते स्वतःच घेतात. प्रथम कपाटातली जुनी तार लावली. तिच्या एका टोकाची प्लास्टिकची जीभ तुटलेली होती. वेग तपासला तर लॅपटॉप १०० मेगाबिट दाखवत होता. गिगाबिटसाठी तारेच्या आतल्या चारही जोड्या शाबूत लागतात, १०० मेगाबिटला दोन पुरतात. म्हणजे जुन्या तारेतील एखादी जोडी मेली होती. नवी दोन मीटरची तार लावताच आकडा १ गिगाबिट झाला आणि माउसचे रांगणे जवळजवळ थांबले.

जवळजवळ, कारण गिगाबिटही पुरेसा नसतो. माझी जुनी स्क्रीन १६०० बाय ९०० ची आहे. म्हणजे १४ लाख ४० हजार ठिपके. प्रत्येकाला २४ बिट आणि सेकंदाला ६० चित्रे धरली तर दोन गिगाबिटहून थोडी अधिक माहिती दर सेकंदाला धाडावी लागेल. ती तारेत मावत नाही, म्हणून चित्र दाबून, म्हणजे कॉम्प्रेस करून, पाठवले जाते. व्हिडिओ पाहायचा असेल तर तो लॅपटॉपवरच पाहावा. ई-मेल, शब्दकोश, वर्डची फाइल यांसाठी ही व्यवस्था उत्तम आहे आणि या उपयोगापुरते मी तिला बिनदिक्कत चांगले म्हणेन.

माझे काम मात्र नेमके तेथे अडले जेथे मला वाटले नव्हते. जमाखर्चात रुपयाच्या आकड्यापुढे पाव रुपयासाठी एक उभी रेघ, अर्ध्यासाठी दोन आणि पाऊणसाठी तीन रेघा दिलेल्या असतात. बोरूच्या या रेघा एकमेकींना खेटून असतात आणि दोनशे वर्षांच्या कागदावर शाई तपकिरी झालेली असते. कॉम्प्रेस केलेल्या चित्रात तपकिरीवरच्या तपकिरी रेघांभोवती धूसर कडा येते. एका पानावर मी साडेसात लिहिले आणि बेरीज काही केल्या जुळेना. लॅपटॉपवर तेच स्कॅन उघडले तेव्हा तिसरी रेघ दिसली. रक्कम पावणेआठ होती. व्ह्यूअरच्या सेटिंगमध्ये चित्राचा दर्जा वर सरकवल्यावर आणि चित्रांची गती कमी केल्यावर कडा बरीच स्वच्छ झाली, कारण स्थिर चित्राला ६० चित्रांची गरजच नसते. ज्यांना नकाशे, आराखडे किंवा हस्तलिखिते पाहायची आहेत त्यांनी हे दोन बदल पहिल्याच दिवशी करावेत.

त्या चुकीच्या बेरजेनंतर एक वेगळा विचार सुचला, आणि तो आधी सुचायला हवा होता. जुने यंत्र हे मुळात संगणकच आहे. स्कॅन तेथेच उघडले तर चित्र तारेतून आणण्याचे कारणच उरत नाही. आणावा लागतो तो फक्त माउस आणि कीबोर्ड. मायक्रोसॉफ्टचे ‘माउस विदाउट बॉर्डर्स’ हेच करते. हे साधन २०११ पासून आहे आणि २०२३ पासून ‘पॉवरटॉइज’ या मोफत संचात मिळते. एका यंत्रावर तयार झालेली सुरक्षा-किल्ली दुसऱ्यावर टाइप करायची, म्हणजे एकाच माउसने चार संगणकांपर्यंत फिरता येते. एका यंत्रावर कॉपी केलेला मजकूर दुसऱ्यावर पेस्टही होतो. विंडो मात्र एका स्क्रीनवरून दुसऱ्या स्क्रीनवर ओढता येत नाही, कारण दोन्ही यंत्रे स्वतंत्रच राहतात. मोडीसाठी आता मी हेच वापरतो. स्कॅन पेनड्राइव्हने जुन्या यंत्रावर टाकले आहेत, तेथे ते मूळ स्वरूपात, कुठेही न दाबता दिसतात, आणि टंकन लॅपटॉपवर होते. लेख लिहिताना, जेव्हा एकाच फाइलची दोन पाने शेजारी हवी असतात, तेव्हा स्पेसडेस्क सुरू करतो.

खर्चाच्या बाजूला वीज लिहिली पाहिजे. प्लगला लावायच्या मीटरवर हे यंत्र ४० वॅटच्या आसपास घेताना दिसते. याच आकाराचा शेजाऱ्यांचा एलईडी मॉनिटर त्याच मीटरवर निम्म्यापेक्षा कमी दाखवत होता. दिवसाचे पाच तास धरले तर २० वॅटचा फरक महिन्याला तीन युनिटचा होतो, म्हणजे माझ्या वापराला तो जाचक नाही. दिवसभर कार्यालय चालवणाऱ्याने मात्र गणित करून पाहावे. एप्रिलमध्ये यंत्राचा पंखा ऐकू येतो. सुरू व्हायला त्याला तीन मिनिटे लागतात, आणि पहिला महिना तर ते रोज तारीख विसरून एफ-वन दाबायला सांगत असे. यंत्र बंद असताना घड्याळ चालू ठेवणारा मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल संपला होता. सेल स्वस्त, पण ऑल-इन-वनची पाठ उघडण्यात एक दुपार गेली. आधार संपलेले विंडोज असल्यामुळे पॉवरटॉइज बसवून झाल्यावर त्याचे इंटरनेट मी कायमचे तोडले आहे. थेट तारेच्या जोडणीत त्याची गरजही पडत नाही.

सिडकोतील एका दुरुस्तीवाल्याने तिसरा उपाय सुचवला होता : आतले पॅनेल काढून त्याला कंट्रोलर बोर्ड लावायचा, म्हणजे तो खराखुरा एचडीएमआय मॉनिटर होतो. बोर्ड पॅनेलच्या नेमक्या क्रमांकाला जुळणारा घ्यावा लागतो, वेगळा अॅडॉप्टर लागतो आणि आतला संगणक संपतो. चालू यंत्रावर हे करणे मला पटले नाही. हार्ड डिस्क सध्या सकाळी थोडी कुरकुरते आहे; सेल बदलताना पाठ उघडलीच होती, तेव्हा पॅनेलवरच्या स्टिकरचा क्रमांक वहीत उतरवून ठेवला आहे.