जिल्हा रोजगार केंद्राचं प्रगतिपुस्तक: निवड किती, रुजू किती?

एप्रिल उजाडला की जिल्ह्याजिल्ह्यात एक प्रेसनोट निघते. सरत्या वर्षात इतके रोजगार मेळावे झाले, इतक्या कंपन्या आल्या, इतक्या हजार तरुणांची निवड झाली. खाली सहायक आयुक्तांचं नाव आणि वर कार्यालयाचं: जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र. पाटीवर एका ओळीत मावत नाही. जुनी माणसं अजूनही 'एम्प्लॉयमेंट एक्सचेंज'च म्हणतात आणि पोराला 'कार्ड काढून ये' म्हणून पिटाळतात. या केंद्राच्या सेवा फुकट आहेत. पण त्यांतली कोणती घ्यावी, कोणती जपून घ्यावी आणि वर्षअखेरीचा आकडा कसा वाचावा, हे पाटीवर लिहिलेलं नसतं.

सुरुवात नोंदणीपासून, कारण तिच्याशिवाय पुढचं काही मिळत नाही. कार्डाचा जमाना गेला, आता राज्य सरकारच्या 'महास्वयम्' या रोजगार संकेतस्थळावर नाव नोंदवायचं. आधार क्रमांक, मोबाईलवर ओटीपी, मग शिक्षण, कौशल्य, पत्ता. पंधरा-वीस मिनिटांचं काम, घरबसल्या होतं. सायबर कॅफेवाल्याला त्याचे पैसे मोजू नयेत. बहुतेकांचं अडतं ते जुन्या मोबाईल नंबरवर. चार वर्षांपूर्वी नोंदणी केलेली असते, सिम बदललेलं असतं आणि ओटीपी भलत्याच नंबरवर जातो. मग लोक नव्याने नोंदणी करू बघतात आणि 'हा आधार आधीच नोंदलेला आहे' असं उत्तर येतं. तिथे डोकं आपटू नये, आधार घेऊन थेट केंद्रात जावं. दुसरी चूक म्हणजे दहावीला केलेली नोंदणी तशीच ठेवणं. नंतर आयटीआय झालं, पदविका झाली, तरी प्रोफाईलवर दहावीच राहते. मग फिटरच्या जागेची सूचना त्या मुलापर्यंत पोचतच नाही. ही सेवा चांगली आहे, पण नोंदणी म्हणजे नोकरीच्या रांगेतला नंबर नव्हे. आणि 'एकूण नोंदणी' हा प्रगती अहवालातला सर्वांत मोठा आणि सर्वांत निरुपयोगी आकडा. ज्याला नोकरी लागली तो आपण होऊन नाव काढायला जात नाही.

आता मेळावा. पंडित दीनदयाल उपाध्याय रोजगार मेळावा हे या केंद्रांचं मुख्य दुकान. पोर्टलवर लॉगिन करून आपला जिल्हा निवडायचा, कंपन्यांची यादी बघायची, पदाला अर्ज करायचा आणि ठरल्या दिवशी बायोडेटाच्या पाच-सहा प्रती, गुणपत्रकांच्या झेरॉक्स, आधार आणि फोटो घेऊन जायचं. एवढं सुरळीत चालतं. गडबड होते ती मोजणीत. हिशेब कळावा म्हणून आकडे मनाने धरू. समजा, ४० कंपन्यांनी १,५०० जागा आणल्या आणि ९०० उमेदवार आले. प्रत्येक जण तीन टेबलांवर बसला, म्हणजे मुलाखती झाल्या २,७००. टेबलांवरच्या याद्यांची बेरीज केली तर 'प्राथमिक निवड' ६००. पण एकच आयटीआय फिटर तीन याद्यांत असतो, म्हणून माणसं मोजली तर ३५०. त्यांना पुढच्या फेरीसाठी चाकणला, वाळूजला नाहीतर बुटीबोरीला बोलावलं, गेले २००, रुजू झाले १२०, आणि तीन महिन्यांनी टिकले निम्मे. प्रेसनोटमध्ये येतो तो ६०० चा आकडा. खोटं काहीच नसतं, फक्त सहा पायऱ्यांच्या जिन्यातली तिसरी पायरी दाखवलेली असते.

पोरं टिकत का नाहीत? आळस म्हणून मोकळं होणं सोपं आहे. यादीतल्या १,५०० जागा नीट बघाव्यात. कुठे 'विमा सल्लागार, १०० पदे' असतं. त्यात पगार नसतो, कमिशन असतं. उरलेल्यांपैकी बऱ्याच 'ट्रेनी' आणि 'ऑपरेटर' अशा असतात आणि भरती कंपनीची नव्हे, ठेकेदाराची असते. कारखान्यांना ठेकेदारामार्फत 'ट्रेनी' पुरवणारी 'नीम' योजना गुंडाळली गेली तरी तो ढंग गेला नाही. म्हणून मेळाव्यात टेबलावर बसलात की आधी विचारा: पे-रोल कुणाचा? ऑफर लेटर कुणाच्या लेटरहेडवर? सात महिन्यांनी 'ब्रेक' देऊन कामावरून कमी करणार का? शिफ्ट आठ तासांची की बाराची, ओव्हरटाईम कसा? बस आणि कँटीनचे पैसे पगारातून कापणार का?

आणि पगार विचाराल तेव्हा 'हातात किती' हेच विचारा. बोर्डावर १५,००० लिहिलेलं असतं. त्यात मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १२,००० धरला, तर पीएफचे १२ टक्के म्हणजे १,४४० गेले. ईएसआय (कामगार विमा) पाऊण टक्का पूर्ण १५,००० वर, म्हणजे ११३. व्यवसाय कर २०० (फेब्रुवारीत ३००). हातात उरले १३,२४७. मुलींना २५,००० पर्यंत व्यवसाय कर नाही, तरी कुणी कापत असेल तर टोकावं. आता त्यातून खोलीभाडं आणि मेस वजा करा. गावाकडे परत आलेला मुलगा आळशी होता की गणितात पक्का, ते आपोआप कळेल. बोर्डावरचा १५,००० चा आकडा 'सीटीसी' (कंपनीला पडणारा एकूण खर्च) असेल, तर कंपनीच्या वाट्याचा पीएफही त्यातच धरलेला असतो आणि हातात आणखी कमी येतं. पीएफ कापतात म्हणून नाराज होऊ नये. यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा क्रमांक, मिळाला तर नोकरीची पक्की नोंद झाली, तो मिळाला नाही तरच काळजी करावी.

अल्पमुदतीच्या प्रशिक्षणांचं काय? प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना आहे. शिवाय प्रमोद महाजन ग्रामीण कौशल्य विकास केंद्रं आहेत. त्यांतल्या ५११ केंद्रांचं १९ ऑक्टोबर २०२३ ला एकाच दिवशी दूरस्थ उद्घाटन झालं होतं. अभ्यासक्रम तासांत मोजतात. ३०० तासांचा कोर्स रोज आठ तासांप्रमाणे अडतीस दिवसांत संपतो. एवढ्यात माणूस वेल्डर होत नाही, वेल्डरचा मदतनीस होतो. तेही चांगलंच, पण कोर्स घेताना हे ठाऊक असावं. प्रवेशाआधी प्रशिक्षण संस्थेत एकदा जाऊन यावं. तीसजणांच्या बॅचला शिवणयंत्रं किती, चालू किती, वेल्डिंगच्या कांड्या खरोखर जळतात की फळ्यावरच, हे डोळ्यांनी दिसतं. गुणपत्रकावरचं आणि आधारवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळवून घ्यावं, नाहीतर प्रमाणपत्रावर चूक येते आणि ती दुरुस्त करण्यात कोर्सपेक्षा जास्त दिवस जातात. आर्थिक वर्ष मार्चला संपतं, म्हणून जानेवारीनंतर टार्गेट भरायला घाईने निघालेल्या बॅचेस शक्यतो टाळाव्यात.

इथेही रकान्यांची गंमत आहे: प्रवेशित, प्रशिक्षित, प्रमाणित, रोजगारप्राप्त. समजा, हजार आले, सातशे प्रमाणित झाले, साडेतीनशेंना काम मिळालं. अहवाल '५० टक्के रोजगार' म्हणतो, कारण भागाकार प्रमाणितांनी केला. प्रवेशितांनी करा, ३५ टक्के येतील. शिवाय पंतप्रधान योजनेच्या चौथ्या टप्प्यात संस्थेचं देयक नोकरी लावण्याशी बांधलेलं राहिलं नाही. ज्या रकान्यावर पैसे अवलंबून नसतात, तो रकाना कोण झटून भरणार?

सरकारी विद्यावेतनावर आस्थापनेत काम शिकवणाऱ्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेने मात्र केंद्रांचे आकडे एकदम फुगवले. ९ जुलै २०२४ चा शासन निर्णय. वय १८ ते ३५. बारावीला दरमहा ६,०००, आयटीआय-पदविकेला ८,०००, पदवीधर आणि पदव्युत्तरांना १०,०००. मुदत आधी सहा महिने, नंतर वाढवून अकरा. महिन्यात दहा किंवा अधिक दिवस गैरहजर राहिलं तर त्या महिन्याचं विद्यावेतन जातं. हजेरी आस्थापनेने ऑनलाईन भरायची असते. ती भरायला उशीर झाला की तुमचे पैसे लटकतात, म्हणून महिनाअखेरीला संबंधित बाबूंना आठवण करून द्यायला लाजू नये.

पैसे न येण्याचं दुसरं नेहमीचं कारण आधार सीडिंग, म्हणजे थेट लाभासाठी आधार कोणत्या बँकेशी जोडलंय त्याची नोंद. 'माझं खातं आधारला लिंक आहे' हे पुरेसं नाही. थेट लाभाचे पैसे ज्या बँकेत एनपीसीआयच्या (राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाच्या) नोंदीत शेवटचं सीडिंग झालं, त्या बँकेत जातात. कॉलेजात शिष्यवृत्तीसाठी एक खातं, मग पेमेंट्स बँकेचं दुसरं. पैसे दुसऱ्यात पडलेले असतात आणि माणूस पहिल्याचं पासबुक छापत बसतो. आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या साईटवर 'बँक सीडिंग स्टेटस' दिसतं. बँक बदलायची असेल तर हव्या त्या शाखेत सीडिंगचा संमती अर्ज द्यावा, आणि दोन-चार दिवसांनी स्टेटस पुन्हा बघावं.

अनुभव म्हणून योजना वाईट नाही. खाजगी कारखान्यात किंवा सहकारी संस्थेत मशिनवर, टॅलीवर हात बसला तर सोनं. पण मोठ्या संख्येने मुलं शाळा, ग्रामपंचायती आणि सरकारी कचेऱ्यांत गेली. तिथे पुढे कायम होण्याची सोय योजनेतच नव्हती. मुदत संपल्यावर आंदोलनं झाली ती यामुळेच. तेव्हा वार्षिक अहवालात हे प्रशिक्षणार्थी 'रोजगार'च्या बेरजेत मिसळले असतील, तर ते आधी वेगळे काढा. किमान वेतन नाही, पीएफ नाही, ती नोकरी कशी?

खरी चांगली गोष्ट या सगळ्या गलक्यात मागे पडते, ती म्हणजे शिकाऊ उमेदवारी. तीस किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला अप्रेंटिस घेणं सक्तीचं आहे, मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी योजनेत विद्यावेतनाचा पाव हिस्सा, कमाल १,५०० रुपये, केंद्र सरकार थेट खात्यात टाकतं. रेल्वेच्या लेव्हल-१ (पूर्वीच्या 'ग्रुप डी') भरतीत रेल्वेच्याच आस्थापनांत कोर्स पूर्ण केलेल्या अप्रेंटिसना २० टक्के जागा आहेत. अडचण एवढीच की यासाठी बऱ्याचदा जिल्हा केंद्रात नव्हे, आयटीआयच्या आवारातल्या बीटीआरआय (मूलभूत प्रशिक्षण व अनुषंगिक सूचना) केंद्रात जावं लागतं आणि एका खिडकीवरचा माणूस दुसऱ्या खिडकीचं सांगेलच असं नाही. शिकाऊ उमेदवारीच्या पोर्टलवर करार क्रमांक पडल्याशिवाय कामावर जाऊ नये. करार नसेल तर तुम्ही कायद्याने अप्रेंटिस नाही, नुसते स्वस्त हेल्पर आहात.

आणखी एक सेवा जिचं नाव फारसं कुणी घेत नाही: अचलपूर, कळवण अशा ठिकाणी आदिवासी उमेदवारांसाठी स्पर्धा परीक्षांचं पूर्वप्रशिक्षण. साडेतीन महिने, दरमहा १,००० रुपये, वर पुस्तकांचा संच. हजार रुपयांत तालुक्याच्या गावी खोली मिळत नाही हे खरं, पण शिकवणी नियमित मिळते. जवळपासच्या मुलांनी जरूर घ्यावी.

कारखानदारांच्या बाजूचं थोडक्यात. रिक्त जागा कळवण्याची सक्ती १९५९ च्या कायद्यापासून आहे. न कळवल्याबद्दल पहिल्या गुन्ह्याला दंड होता कमाल ५०० रुपये, त्यामुळे कोण किती मनावर घेणार. आणि कळवल्या तरी केंद्राकडूनच माणूस घ्यायचं बंधन कधीच नव्हतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून हा विषय सामाजिक सुरक्षा संहितेत गेला आणि एक्सचेंजचं नाव 'करिअर सेंटर' झालं. बंधन नाही ते अजूनही नाहीच.

आपल्या जिल्ह्याच्या केंद्राचं प्रगतिपुस्तक खरंच तपासायचं असेल तर माहिती अधिकाराचा अर्ज करावा. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत, उत्तराची मुदत तीस दिवस. 'किती रोजगार दिला' असं विचारू नये, प्रेसनोटच परत येईल. असं लिहावं: गेल्या आर्थिक वर्षातील प्रत्येक मेळाव्यासाठी १) उपस्थित उमेदवार, २) प्राथमिक निवड, ३) नियोक्त्यांनी रुजू झाल्याचे कळवलेले उमेदवार, ४) ही माहिती कळवणाऱ्या व न कळवणाऱ्या नियोक्त्यांची संख्या. चौथ्या मुद्द्याचं उत्तर आधी वाचावं.