पामचं बी रुजवायला कोकोपीटची वीट: कोणती घ्यावी, कशी वापरावी

नर्सरीत किंवा ऑनलाइन कोकोपीटच्या, म्हणजे नारळाच्या सोडणाच्या भुशाच्या, दाबलेल्या विटा दोन वजनांत सहज मिळतात, ६५० ग्रॅम आणि ५ किलो. पामचं बी घरी रुजवणाऱ्यासाठी हे माध्यम फार उपयोगी आहे. ओल धरतं, हवाही खेळती ठेवतं, आणि अंकुर बाहेर काढताना मूळ तुटत नाही. मात्र वीट निवडताना वजनापेक्षा महत्त्वाची गोष्ट एकच: ती धुतलेली आहे की नाही.

नारळाच्या सोडणात मुळातच सोडियम आणि पोटॅशियमचे क्षार असतात. सोडणं खाऱ्या पाण्यात कुजवली असतील तर त्यांत आणखी भर पडते. न धुतलेल्या विटेत हे सगळं तसंच राहतं. बी त्यात रुजतं, पण मूळ सेंटिमीटरभर वाढलं की टोक तपकिरी होऊन जळतं, आणि दोष बियाण्याला दिला जातो. वेष्टनावर ‘लो ईसी’ (ईसी म्हणजे विद्युतवाहकता, क्षार जितके जास्त तितकी ती जास्त) किंवा ‘वॉश्ड’ लिहिलेलं असतं, पण तेवढ्यावर विसंबू नये. पेनासारखा ईसी मीटर असेल तर एक वाटी फुगवलेलं कोकोपीट दीड वाटी आरओच्या पाण्यात अर्धा तास ठेवावं, गाळावं आणि मोजावं. आकडा ०.५ मिलिसीमेन्स प्रति सेंटिमीटरच्या (mS/cm) आत आला तर वीट थेट वापरता येते. १ च्या वर असेल तर भरपूर पाण्यात भिजवून, पिळून, पाणी फेकून द्यायचं आणि आकडा उतरेपर्यंत हेच करायचं. बोअरचं जड पाणी असेल तर शेवटचं धुणं तरी पावसाच्या किंवा आरओच्या पाण्याचं हवं. धुतलेली वीट थोडी महाग पडते, पण पाणी आणि श्रम धरले तर तीच परवडते.

५ किलोची वीट २० ते २५ लिटर पाणी पिते आणि ६० लिटरच्या पुढे फुगते. घरच्या छंदासाठी हे फारच होतं. अख्खी भिजवू नये. वीट थरांची असते, खुरप्याचं टोक घालून कडेने उकललं की चकत्या निघतात. उरलेली कोरडी पोत्यात ठेवली तर वर्षानुवर्षं टिकते. बी ओलसर कोकोपीट भरलेल्या झिपच्या पिशवीत रुजवायचं असतं; अशा दहा-वीस पिशव्यांपुरतं काम असेल तर ६५० ग्रॅमची वीट बरी: सुमारे ४ लिटर पाणी, ८-९ लिटर माल. कोमट पाण्यात ती लवकर सुटते.

आता बी. पिकलेल्या फळाचा गर पूर्ण काढायलाच हवा, कारण गर रुजवण रोखतो आणि बुरशीला आमंत्रण देतो. फळं दोन-तीन दिवस पाण्यात ठेवावी, पाणी रोज बदलावं, मग जाड वाळूबरोबर चाळणीवर घासावी. भेरली माडाच्या (फिशटेल पामच्या) फळांना मात्र उघड्या हाताने शिवू नये. गरात ऑक्झॅलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, हातांची आग होते. रबरी हातमोजे घालावेच. स्वच्छ बी आणखी एक दिवस पाण्यात ठेवून मग पिशवीत घालावं.

कोकोपीट मुठीत घट्ट दाबलं तर पाणी ठिबकता कामा नये, हात फक्त ओलसर व्हावा. बहुतेक अपयश इथेच आहे. जास्त ओल झाली की पिशवीला आंबूस वास येतो आणि बी आतून मऊ पडतं. नुसती हिरवी-पांढरी लव दिसली तर बहुधा गर राहिलेला असतो. बी धुऊन नव्या कोकोपीटमध्ये टाकलं की भागतं. झिपच्या पिशवीवर नाव आणि तारीख लिहावी, आठवड्यातून एकदा उघडून हवा द्यावी आणि २८ ते ३५ अंशांत ठेवावी. पोफळ आणि नर्सरीत ‘अरेका’ म्हणून मिळणारा शोभेचा पाम ताज्या बियांपासून साधारण दीड-दोन महिन्यांत रुजतात. रॉयल आणि फॉक्सटेल पाम जास्त वेळ घेतात, म्हणून पिशवी लवकर फेकू नये.

ओळखीचा खरा आनंद पहिल्या पानापासून सुरू होतो. पोफळ, अरेका आणि फॉक्सटेलचं पहिलं पान टोकाला दुभंगलेलं असतं. भेरली माडाचंही दुभंगलेलं, पण कडा कुरतडल्यासारख्या. शिंदी आणि लिव्हिस्टोना या पंख्यासारख्या पानांच्या पामचं मात्र साधं, पट्टीसारखं. आपल्याकडे ‘बॉटल पाम’ म्हणून अनेकदा रॉयल पाम विकला जातो. त्याचं पहिलं पान भाल्याच्या पात्यासारखं अखंड असतं, तर मॉरिशसच्या खऱ्या बॉटल पामचं दुभंगलेलं. खोड फुगायची वाट न बघता रोपातच फरक कळतो. पुढे पानं पिसासारखी झाली की पर्णिकेची (पानाच्या एकेका पट्टीची) घडी बघावी: शिंदी आणि भेरली माडात ती वरून पन्हळीसारखी, नारळ-पोफळीत उलटी, कौलासारखी.

शिंदी, बिस्मार्किया (पंख्यासारख्या पानांचा शोभेचा पाम) आणि ताड यांच्यासाठी पिशवीची पद्धत जपून वापरावी. यांचं बी आधी एक जाड कोंब खोल खाली सोडतं आणि रोप बियापासून दूर उगवतं. कोंब दिसताच शिंदी-बिस्मार्किया किमान ३० सेंटिमीटर खोल कुंडीत हलवावी. ताड तर सरळ जमिनीतच लावावा. पिशवीत त्याचा कोंब वेटोळा होतो आणि मग सरळ होत नाही.

रोप हलवल्यावर नुसतं कोकोपीट वापरू नये. त्यात अन्न जवळजवळ नसतं, ते काळाने खचतं आणि पूर्ण वाळलं तर पाणी वरून निसटून जातं. कोकोपीट तीन भाग, भरड वाळू तीन, कुजलेलं शेणखत दोन आणि बागेची माती दोन हे मिश्रण चालतं. पिशव्यांतलं वापरलेलं कोकोपीट बुरशी नसेल तर धुऊन, कडक उन्हात सुकवून याच मिश्रणात घालता येतं. बियांसाठी मात्र दर खेपेला नवीनच घ्यावं.