गावचं शहीद स्मारक सभागृह : साखरपुड्याला घेतलं होतं, अनुभव लिहितेय

चुलत बहिणीचा साखरपुडा होता, हडपसर-कोंढव्यातल्या मंगल कार्यालयांचे रेट ऐकले आणि काका म्हणाले चला गावाकडे करू, आपला हॉल कशाला बांधलाय मग. म्हणून दिवेघाट चढून सासवडच्या पुढे आमच्या गावी कार्यक्रम केला. हॉल ग्रामपंचायतीचा, गावातून जे लढाईत गेले त्यांच्या आठवणीत लोकांनी वर्गणी काढून बांधलेला. दिवसाचे ७ हजार, वर ३ हजार डिपॉझिट (दुसऱ्या दिवशी परत मिळालं, कटकट नाही), आजी-माजी सैनिकांच्या घरातलं कार्य असेल तर भाडं निम्मं, काका मराठा लाइट इन्फन्ट्रीतून सुभेदार म्हणून रिटायर झालेत त्यामुळे आम्हाला साडेतीनच पडले.

तीनशे माणूस आरामात बसतं. मागे आचाऱ्यासाठी शेड, मोठ्या दोन भट्ट्या, भांडी घासायला ओटा, पाणी भरपूर. पंगत बसवा नाहीतर बुफे लावा, दोन्हीला जागा आहे. आवाज मात्र घुमतो, वर पत्रा आहे ना, गुरुजी माइकवर काय म्हणतायत ते मागच्यांना कळतच नव्हतं. टॉयलेट दोनच, बायकांची लाइन लागली. जनरेटर नाही, लाइट गेली तर तुमची सोय तुम्ही.

आता खरं सांगायचं ते. आत शिरलं की डाव्या हाताला नावांची भिंत आहे. सगळ्यात वर जुनी संगमरवरी पाटी, पहिल्या महायुद्धानंतर इंग्रज सरकारने ज्या गावागावात बसवल्या त्यातली, आधी चावडीवर होती, चावडी पाडली तेव्हा इथे आणून लावली. त्यावर फक्त हिशोब आहे, या गावातून इतके गेले आणि त्यातले सात मेले. नाव एकाचंही नाही. साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरी या गावाचे ४६ जवान त्याच युद्धात गेले हे बऱ्याच जणांना माहीत असतं, पण अशी लहान लहान गावं आपल्याकडे किती असतील. आणि पुण्याचा तर थेट संबंध, मेसोपोटेमियात, म्हणजे आताच्या इराकमध्ये, कुत शहरात जी फौज वेढ्यात अडकली ती सहावी पूना डिव्हिजन, त्यात मराठा पलटणी होत्या, डिसेंबर १९१५ पासून उपाशीतापाशी लढून २९ एप्रिल १९१६ ला शरण यावं लागलं, आणि मग कैदेत अजून किती मेले. बसऱ्याला मेमोरियल आहे त्यावर गोऱ्या सैनिकांची नावं कोरली, आपल्या साध्या शिपायांचे मात्र पलटणीवार नुसते आकडे. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा फार वाईट वाटलं होतं.

म्हणून या हॉलचं मला एवढं कौतुक आहे. काका आणि त्यांच्याबरोबरच्या माजी सैनिकांनी घरोघर जाऊन, म्हाताऱ्या माणसांना विचारून, कुणाच्या ट्रंकेतलं मेडल कुणाचा पेन्शनचा कागद बघून त्या सातांपैकी पाच नावं शोधली, ती पाटीखाली लिहिली आणि दोन ओळी कोऱ्या ठेवल्या. त्याखाली १९६२, ६५, ७१ आणि नंतरचे. विलायतेत पहिल्या युद्धानंतर बऱ्याच गावांनी नुसता खांब न उभारता असेच हॉल बांधले म्हणे, दारात नावांची पाटी आणि आत गावचे कार्यक्रम, आणि मला ते पटतं. बंद कुलपातलं स्मारक १५ ऑगस्टला उघडतं, इथे दर मुहूर्ताला पोरं त्या भिंतीसमोर खेळतात, आजी एखाद्या नावाकडे बोट करून सांगते हा तुझ्या पणजोबांचा भाऊ. कार्य कुणाचंही असो, आधी भिंतीपाशी हार आणि अक्षता, मग पुढचं. वरात आली की बँड गेटवर थांबतो, नवरामुलगा आत जाऊन नमस्कार करतो, मग परत वाजतं. कुणी नियम लिहून लावलेला नाही, पडलीय पद्धत.

आमच्या वेळी काय झालं, डेकोरेशनवाला पुण्याहून आणला होता, त्याने सेल्फीसाठीचा फ्लेक्स बरोबर त्या भिंतीवर लावला, वरच्या दोऱ्या त्या दोन कोऱ्या ओळींवर चिकटवल्या. विचारलं तर म्हणाला, ताई तिथे रिकामंच होतं की. त्याची चूक नाही, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. काका काही बोलले नाहीत, खुर्ची घेतली, वर चढले, एकेक दोरी सोडवली आणि चिकटपट्टीचा डाग ओल्या रुमालाने पुसत बसले, पाहुणे येईपर्यंत.

एका गोष्टीचा मात्र खूप राग आला. दाराला सहा पायऱ्या आणि रॅम्प नाही, कठडाही नाही. काकांचे एक दोस्त आले होते, सुरुंगात पाय गेलेला, वानवडीच्या आर्टिफिशियल लिम्ब सेंटरमधून पाय बसवलेला. १९४४ पासून ते सेंटर आपल्या पुण्यात आहे, म्हणजे असे जवान आपल्याला नवीन नाहीत. दोघांनी धरून त्यांना वर आणलं. जवानांच्या नावाच्या हॉलमध्ये जवानालाच उचलून न्यावं लागतं हे बरोबर नाही, ग्रामपंचायतीला लेखी अर्ज दिलाय आणि रॅम्पसाठी वर्गणी आमच्या घरातून सुरू केलीय.

पाचपैकी चार स्टार, रॅम्प झाला की पाच देईन. बुकिंग ग्रामपंचायतीत सकाळी ११ नंतर, लग्नसराईत दोन महिने आधी जा. घुमणारा आवाज कमी करायचा तर मागे जाड पडदे लावून घ्या, आणि डेकोरेशनवाल्याला आदल्या दिवशीच बोलावून डावी भिंत दाखवा, कोऱ्या ओळींसकट.