भिंतीलगतची तालीम : बेलफास्टमधील एका नाट्यकार्यशाळेविषयी

उत्तर आयर्लंडच्या राजधानीला, बेलफास्टला, येणारा पर्यटक बहुधा काळ्या टॅक्सीची फेरी घेतो, प्रोटेस्टंट वस्तीतल्या शँकिल आणि कॅथलिक वस्तीतल्या फॉल्स या रस्त्यांवरची भित्तिचित्रे पाहतो, त्या दोन वस्त्यांच्या मध्ये उभ्या असलेल्या कूपर वेच्या उंच भिंतीवर मार्करने आपले नाव लिहितो आणि दीड-दोन तासांत परततो. काही वर्षांपूर्वी मीही तेवढेच केले होते. या खेपेला मात्र, इंग्लंडमधल्या आमच्या हौशी मराठी नाटकमंडळींतल्या एका मैत्रिणीच्या आग्रहावरून, तिथल्या एका छोट्या नाट्यसंस्थेच्या दोन दिवसांच्या कार्यशाळेत नाव नोंदवले. शुल्क 90 पौंड. त्यात दोन्ही दिवसांचा चहा, दुपारचे सूप आणि सँडविच, तसेच दुसऱ्या संध्याकाळच्या प्रयोगाचे तिकीट आले. संस्थेचे नाव मी देत नाही. पहिल्याच तासाला प्रत्येकाकडून एका कागदावर सही घेतली जाते आणि खोलीत ऐकलेली हकिकत ज्याची त्याच्या मालकीची राहील, असे त्यात कबूल करून घेतलेले असते. त्यामुळे इथे हकिकती सांगणार नाही, केवळ कामाची पद्धत सांगेन.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगायला हवी. उत्तर आयर्लंडने ब्रिटनमध्ये राहावे असे म्हणणारे, बहुतांशी प्रोटेस्टंट, आणि आयर्लंडमध्ये जावे असे म्हणणारे, बहुतांशी कॅथलिक, यांच्या वादातून 1998 च्या शांतता करारापूर्वी झालेल्या सुमारे तीस वर्षांच्या हिंसाचारात साडेतीन हजारांच्या आसपास माणसे मारली गेली. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट वस्त्यांमध्ये 1969 पासून भिंती उभ्या राहू लागल्या, आणि 2023 पर्यंत त्या सर्व काढण्याचे सरकारने 2013 मध्ये दिलेले वचन पाळले गेलेले नाही. मुलेही बहुतांशी आपापल्या बाजूच्या शाळांतच शिकतात, म्हणजे मोठेपणी नोकरीला लागेपर्यंत पलीकडच्या माणसाशी नीट बोलणे झालेले नाही, असे सहज घडू शकते. या शहरात सामान्य लोकांना घेऊन नाटक करण्याची परंपरा मात्र जुनी आहे. 1983 मध्ये काम मिळत नसलेल्या पाच अभिनेत्रींनी शॅराबँक ही संस्था काढली आणि पहिलेच नाटक केले ते तागाच्या गिरण्यांमधल्या बायकांच्या 1911 च्या संपावर. 1999 मध्ये तर दोन्ही बाजूंच्या वस्त्यांतल्या लोकांनी मिळून एका मिश्र विवाहाचे नाटक उभे केले आणि प्रेक्षकांना बसमधून खऱ्याखुऱ्या वस्त्यांतल्या खऱ्याखुऱ्या घरांत नेले. ज्या गल्लीत आपण एरवी पाऊल टाकले नसते, त्या गल्लीतल्या स्वयंपाकघरात लग्नघराची गडबड पाहत उभे राहायचे, ही कल्पनाच मला कोणत्याही भाषणापेक्षा मोलाची वाटते.

आता कार्यशाळेकडे वळतो. आम्ही चौदा जण होतो. बाहेरचे चार, बाकीचे भिंतीच्या दोन्ही अंगांचे. पहिली सकाळ जवळजवळ वाया गेली. चेंडू फेकून नाव सांगणे, डोळे मिटून एकमेकांच्या हातावर हात ठेवणे असल्या खेळांत दोन तास गेले आणि स्थानिक मंडळींच्या चेहऱ्यावर, असले खेळ आपण पुष्कळ शिबिरांत खेळलो आहोत, हे स्पष्ट दिसत होते. त्यात सभागृह इतके गार होते की कोणी कोट काढला नाही.

रंग भरला तो आवाजाच्या व्यायामात. दिग्दर्शिकेने सर्वांना ओळीने उभे करून इंग्रजी मुळाक्षरे मोठ्याने म्हणायला लावली. आठव्या अक्षरापाशी गट फुटला. निम्म्यांनी ‘एच’ म्हटले, निम्म्यांनी ‘हेच’. तिथे प्रोटेस्टंट मुलाला शाळेत ‘एच’ शिकवतात आणि कॅथलिक मुलाला ‘हेच’, त्यामुळे या एका अक्षरावरून माणसाची बाजू ओळखण्याची तिथे जुनी रीत आहे, आणि वाईट दिवसांत अशी ओळख पटणे धोक्याचेही ठरे. क्षणभर कोणी काही बोलले नाही. मग मागच्या ओळीतला एक निवृत्त बसचालक मोठ्याने हसला आणि पाठोपाठ सगळेच हसले. (मराठी कानाला ‘हेच’ ऐकून वेगळेच हसू येत होते, ते कोणाला समजावून सांगण्याच्या भानगडीत मी पडलो नाही.) दिग्दर्शिकेने त्यावर कोणतेही प्रवचन दिले नाही. ‘आता अदलाबदल करा,’ एवढेच ती म्हणाली. पुढची दहा मिनिटे सत्तरीतली माणसे परक्या उच्चाराशी झटत होती. ज्यांच्या जिभेला ते वळण अजिबात जमेना, त्यांना शेजारचा माणूस ओठांची ठेवण दाखवत होता. दोन दिवसांत मला सर्वांत आवडलेली गोष्ट हीच.

दुपारी जोड्या पाडल्या. एकाने आपल्या आयुष्यातला प्रसंग सांगायचा, दुसऱ्याने तो लिहून घ्यायचा आणि प्रयोगात पहिला बोलत असताना संहिता हातात धरून विंगेत बसायचे. उत्तर आयर्लंडमधल्याच डेरी शहरातल्या प्लेहाउस या नाट्यगृहात 2009 पासून झालेल्या ‘थिएटर ऑफ विटनेस’च्या प्रयोगांत, ज्यांच्या आयुष्यात ते घडले त्यांनीच रंगमंचावर येऊन बोलावे, असा दंडक होता, इथली पद्धत त्याच घराण्यातली, पण प्रॉम्प्टर, म्हणजे अडलेल्याला विंगेतून वाक्य पुरवणारा, भिंतीच्या पलीकडच्या बाजूचा असावा ही जोड मला नवी होती. प्रॉम्प्टरची नोकरी किती कष्टाची असते, हे ज्याने नाटकात काम केले आहे त्याला सांगायला नको. समोरचा कुठे श्वास घेतो, कुठे मुद्दाम थांबतो आणि कुठे खरोखर अडतो, हे ओळखायचे तर त्याचे वाक्य त्याच्याइतकेच पाठ असावे लागते. रंगीत तालमीत एक बाई मधेच थांबल्या. त्यांच्या जोडीदाराने वाक्य पुरवले नाही. नंतर त्याला विचारले, तर म्हणाला, ‘त्या विसरल्या नव्हत्या.’ पलीकडच्या समाजाविषयी सहानुभूती बाळगा, असे त्याला कोणी सांगितले असते तर तो बहुधा उठून गेला असता.

प्रयोग त्या मानाने साधारण झाला. साठ-सत्तर प्रेक्षक होते आणि त्यांतले बरेचसे एकमेकांना ओळखत होते. म्हणजे ज्यांना पटवून देण्याची गरज नाही तेच नेमाने येतात, ही आपल्याकडच्या प्रबोधनपर नाटकांची अडचण तिथेही आहेच. प्रयोगानंतरची चर्चा तिघांनीच चालवली. शेवटी एक अर्ज भरून घेतला. त्यात ‘दुसऱ्या समाजाविषयीचे तुमचे मत किती बदलले’ याला 1 ते 5 गुण द्यायचे होते. निधी देणाऱ्यांना असे आकडे लागतात हे समजते, पण सगळ्यांनी तो अर्ज चहाच्या कपाखाली ठेवून दिला, ते मला योग्यच वाटले.

नाटकाने शहर बरे होते, असा दावा संस्थेने केला नाही, आणि करूही नये. इतक्या वर्षांच्या नाटकांनंतरही 2021 च्या एप्रिलमध्ये लॅनार्क वे या रस्त्यावरच्या, भिंतीतल्या दारापाशी बस पेटवली गेली आणि दोन्हीकडची मुले दारावरून एकमेकांवर दगड आणि पेट्रोल बॉम्ब फेकत होती. अशा मुलांपैकी एकही आमच्या चौदा जणांत नव्हता. सर्वांत तरुण स्थानिक माणूस पन्नाशीचा होता. ही माझी सर्वांत मोठी तक्रार.

ज्यांना केवळ प्रयोग पाहायचा आहे, त्यांनी शुल्क भरण्याची गरज नाही. प्रयोगाचे तिकीट वेगळे मिळते. ज्यांना तालीम कशी चालते हे पाहण्यात रस आहे, त्यांनी जरूर जावे, मात्र स्थानिक इंग्रजीचा वेग आधी कानावर घालून घ्यावा आणि जाडसर स्वेटर न्यावा. सभागृहाला दोन दारे आहेत, प्रत्येक बाजूच्या रस्त्यावर एक. नोंदणी करताना तुम्ही कोणत्या दाराने येणार, असे विचारतात. बाहेरच्याने कोणतेही लिहिले तरी चालते. परतीची टॅक्सी मात्र ज्या बाजूला राहायचे आहे त्याच बाजूच्या दारापाशी बोलवावी, कारण जवळचे भिंतीतले फाटक संध्याकाळी बंद होते आणि पाच मिनिटांच्या अंतरासाठी मला लांबचा वळसा पडला.