नव्या चिपसाठी कर्नल: उत्पादकाचा बीएसपी की मेनलाइन?

अंबड-सातपूरच्या एमआयडीसीत कंट्रोलर बोर्ड बनवणाऱ्यांना आज ना उद्या हा निर्णय घ्यावाच लागतो. जुनी चिप मिळेनाशी होते, नवी स्वस्तात मिळते आणि तिच्यावर लिनक्स चालवायचं असतं. चिप बनवणारी कंपनी कर्नलची, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याची, स्वतःची प्रत देते, तोच बीएसपी (बोर्ड सपोर्ट पॅकेज). दुसरा मार्ग म्हणजे लिनक्सचे जनक लिनस टोरव्हाल्ड्स यांच्या मुख्य शाखेतच, मेनलाइनमध्ये, चिपचा सपोर्ट घालायचा. इथे पिंपळगाव बसवंतच्या कोल्ड स्टोरेजमध्ये बसणारा कंट्रोलर धरून बोलतो. तो एकदा बसला की दहा-बारा वर्षं कुणी हलवत नाही.

बीएसपीचा फायदा उघड आहे. पहिल्याच दिवशी डिस्प्ले, इथरनेट, कॅमेरा सगळं चालतं आणि गिऱ्हाइकाला नमुना दाखवता येतो. अडचण नंतर सुरू होते. ही प्रत कुठल्यातरी जुन्या आवृत्तीवर अडकलेली असते आणि तिच्यावर कंपनीच्या बदलांचे थर चढलेले असतात, त्यामुळे सुरक्षेच्या दुरुस्त्या सरळ बसत नाहीत. कंपनी पुढच्या चिपकडे वळली की हे सगळं ओझं तुमच्या अंगावर येतं. युरोपात माल जात असेल तर हा मुद्दा आणखी गंभीर होतो: तिथल्या सायबर रेझिलियन्स कायद्याच्या मुख्य अटी ११ डिसेंबर २०२७ पासून लागू होतात आणि त्यात साधारण किमान पाच वर्षं सुरक्षा अपडेट देणं उत्पादकावर बंधनकारक आहे.

मेनलाइनला लोक घाबरतात, कारण चिप नवी म्हणजे सगळंच नव्याने लिहायचं असं वाटतं. तसं नसतं. आतला कोअर बहुधा आर्म कंपनीचा कॉर्टेक्स-ए५३ किंवा ए५५ असतो. तो, त्याचा इंटरप्ट कंट्रोलर आणि टायमर कर्नलला आधीच ओळखीचे असतात. यूआर्टही (सीरियल पोर्टचा भाग) बऱ्याचदा ८२५० किंवा पीएल०११ या ओळखीच्या जातीचा निघतो, त्यामुळे छोट्याशा डिव्हाइस ट्रीवर, म्हणजे कुठलं हार्डवेअर कुठे आहे हे कर्नलला सांगणाऱ्या फाइलवर, अर्लीकॉनचा (बूटच्या अगदी सुरुवातीचा) मजकूर दिसू लागतो. इथरनेट, यूएसबी, एसडी कार्डाचे ब्लॉक अनेक चिपमध्ये सिनॉप्सिस या कंपनीकडून घेतलेले असतात आणि त्यांचे मूळ ड्रायव्हर तयार असतात.

खरं काम दोन ठिकाणी आहे: क्लॉक (चिपच्या प्रत्येक भागाला चालवणारे ठोके) आणि पिनकंट्रोल (कुठली पिन कुठल्या कामाला हे ठरवणं). प्रत्येक चिपची क्लॉकची रचना वेगळी, आणि बाकीचं सगळं तिच्यावर टांगलेलं. बूट होता होता सीरियल कन्सोल मध्येच गप्प झाला तर पहिला संशय इथेच घ्यावा. बूटलोडरने सुरू ठेवलेली, पण कुठल्याच ड्रायव्हरने मागितलेली नसलेली क्लॉक कर्नल शेवटी बंद करतो. ‘क्लॉक इग्नोर अनयूज्ड’ हा बूट पर्याय देऊन खात्री करता येते. मात्र तो निदानापुरताच वापरावा, त्याच्या भरवशावर माल बाहेर पाठवू नये.

मग येतं परीक्षण. डिव्हाइस ट्री बाइंडिंग (त्या फाइलमध्ये काय कसं लिहायचं याचा नियम) यॅमल या मजकुरी स्वरूपात लिहायचं, तपासण्या पार करायच्या आणि पॅच, म्हणजे कोडमधले बदल, ईमेलने पाठवायचे. क्लॉकचा मेंटेनर, म्हणजे तो भाग सांभाळणारा, वेगळा, पिनकंट्रोलचा वेगळा. नवी आवृत्ती नऊ-दहा आठवड्यांनी येते आणि नवा कोड घेण्याची खिडकी दोनच आठवडे उघडी असते, म्हणून वेळापत्रक तुमच्या हातात राहत नाही. पण एकदा पॅच आत गेला की अंतर्गत रचना बदलणारे लोक तुमचा ड्रायव्हरही सोबत बदलतात. माझ्या मते मेनलाइनचा सगळ्यात मोठा लाभ हाच.

मेनलाइनवर स्वतःचे पॅच वर्षानुवर्षं वागवत राहणं हा तिसरा पर्याय. तो संक्रमणापुरता ठीक.

कॅमेऱ्याचा आयएसपी (चित्रावर प्रक्रिया करणारा भाग) किंवा एनपीयू (एआयची गणितं करणारा भाग) हाच तुमच्या उत्पादनाचा जीव असेल, तर आज बीएसपीच घ्या. ते भाग मेनलाइनमध्ये यायला सर्वात उशीर लागतो. कोल्ड स्टोरेजच्या कंट्रोलरला यातलं काही लागत नाही. तिथे नमुना बीएसपीवर करा आणि विकायचा माल मेनलाइनवर. कर्नलच्या आर्म६४ डीटीएस फोल्डरमध्ये, म्हणजे ६४-बिट आर्म चिपच्या डिव्हाइस ट्री फाइल असतात तिथे, चिप आधीच असेल, तर काम बऱ्याचदा तुमच्या बोर्डाच्या एका फाइलवर येतं. ती अजिबातच नसेल आणि तुमच्याकडे एकच कर्नल इंजिनिअर असेल, तर थोडे जास्त पैसे देऊन दुसरी चिप घ्या.

भाव ठरवण्याआधी रजिस्टरपर्यंतचं पूर्ण रेफरन्स मॅन्युअल मागा. ते गोपनीयतेच्या करारावर मिळणार असेल, तर त्यावरून लिहिलेला ड्रायव्हर जीपीएलखाली (लिनक्सचा खुला परवाना) खुला करण्याची परवानगी त्याच करारात लेखी घ्या.